घरचा कांदा काढताना आणि साठवताना या चुका टाळा

परसात नाहीतर गच्चीवर कांदा लावणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते, कांदा झकास आला होता पण पाऊस सुरू झाला आणि निम्मा सडला. मग दोष कधी बियाण्याला, कधी हवेला, कधी पोत्याला. पण कांदा टिकणार का नाही हे बहुतेक वेळा काढायच्या आधीचे पंधरा दिवस आणि काढल्यानंतरचे पंधरा दिवस यातच ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरतं मानेत, म्हणजे कांद्याच्या वर जिथून पात सुरू होते तिथं. मान पूर्ण वाळून बंद झाली की आत ओल शिरत नाही, बुरशी शिरत नाही. ती ओली राहिली तर पुढं कुठंही ठेवा, उपयोग नाही.

त्याआधी एक गोष्ट क्लिअर करू, प्रत्येक कांदा ठेवणीचा नसतो. आपल्या सोलापूरच्या मार्केट यार्डात दिवाळीनंतर जो लाल कांदा गाड्या भरभरून येतो तो खरिपाचा, त्याची मान जाड, पाणी जास्त, साल पातळ, तो आणायचा आणि महिनाभरात संपवायचा. भाव पडलाय म्हणून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या टायमाला दोन पोती घेऊन ठेवली तर ती पाडव्यापर्यंत धड राहायची नाहीत. घरी लावलेल्या खरीप कांद्याचंही तेच. ठेवणीसाठी रब्बीचा म्हणजे उन्हाळी कांदा, डिसेंबरच्या आसपास रोप लावलेला आणि एप्रिलमध्ये निघणारा. एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राच्या भीमा किरण, भीमा शक्ती या जाती टिकायला चांगल्या.

आता काढायचा कधी. लागवडीपासून ११०-१२० दिवस असा हिशोब सांगतात, तो अंदाज म्हणून ठीक आहे, पण कॅलेंडर बघून कांदा काढायचा नसतो. वाफ्यात बसून मान चिमटीत धरून बघायची. कांद्याच्या अगदी वर, जिथून पात सुरू होते तिथं अंगठा आणि बोटात दाबा. आत भरीव, कडक लागलं तर कांदा अजून वाढतोय. मऊ, पोकळ लागलं आणि पात स्वतःहून तिथूनच आडवी झाली असेल तर तो तयार. वाफ्यातल्या साधारण ५० टक्के माना अशा पडल्या की सगळा काढायला घ्यायचा. इथं लोक दोन्हीकडून चुकतात. काहीजण कांदा मोठा दिसला की उपटतात, त्याची मान जाड राहते, वाळता वाळत नाही आणि तिथूनच सड लागते. काहीजण शंभर टक्के पात कडकडीत वाळेपर्यंत थांबतात, मग साल सुटते आणि मध्येच वळवाचा पाऊस झाला की जमिनीतच परत मुळं धरतात. आणि कृपा करून पात पायानं तुडवून माना पाडू नका, पडलेली मान आणि पाडलेली मान यात फरक आहे, तुडवलेली पात जखमी होते आणि कांदा कच्चाच राहतो.

पाणी. काढणीआधी १०-१५ दिवस पाणी पूर्ण बंद म्हणजे बंद. आपली काळी माती ओल लई धरून ठेवते, वरून भेगा पडल्या तरी खाली गारवा असतोच, त्यामुळं आपल्याकडं पंधराच्या पुढं गेलं तरी चालेल, कुंडीत मात्र दहा दिवस बास. घरच्या बागेत नेमकं इथं गडबड होते कारण रोज संध्याकाळी पाइप घेऊन सगळ्या झाडांना पाणी मारायची सवय असते आणि कडेच्या वाफ्यातल्या कांद्यालाही ते मिळत राहतं. युरियाचंही तसंच, लागवडीनंतर दोन महिन्यांनी नत्र द्यायचं थांबवायचं, उशिरा दिलं तर पात माजते, मान जाड होते आणि जोड कांदेही वाढतात.

काढताना जमीन कडक झालेली असते म्हणून पात धरून ओढू नका, खुरप्यानं बाजूनं माती सैल करा. आणि सगळ्यात मोठी चूक, काळी माती चिकटलीये म्हणून नळाखाली धुणं! धुतलेला कांदा ठेवणीतून बाद. माती वाळू द्या, हातानं झटकली की पडते, साल ओरबाडू नका.

मग वाळवणं. पात न कापता ३-४ दिवस वाफ्यातच ठेवायचे, एका ओळीच्या पातीनं दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातील असे. हे झाकणं शेतकरी उगाच करत नाहीत. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढं असतो, उघडा कांदा उन्हानं भाजतो, एका बाजूनं पांढरट मऊ चट्टा पडतो आणि पुढं तिथंच सडतो. गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर तर अजिबात नको. त्यानंतर पात कापायची, पण मुळाशी घासून नाही, मानेला दोन-अडीच सेंटीमीटर देठ ठेवून. घासून कापलं म्हणजे कांद्याचं दार उघडं टाकल्यासारखंच आहे. मग सावलीत, पडवीत किंवा कडुलिंबाच्या झाडाखाली, पातळ थर करून १०-१५ दिवस. मान चिमटीत चोळली की कागदासारखी कोरडी लागली आणि सालीचा खसखस आवाज आला की झालं.

साठवायच्या आधी निवड करा, जोड कांदे, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले, खुरपं लागलेले, जाड मानेचे बाजूला काढा आणि आधी तेच खा. डेंगळ्याचा दांडा कापला म्हणजे तो नीट होत नाही, दांडा आत मधोमध असतोच.

ठेवायचं कुठं? हवा खेळती राहील तिथं, बस्स. सुतळीची बाज, फळांचे प्लास्टिक क्रेट, जाळीची पिशवी, काहीही चालतं, पण जमिनीला टेकवून नको, ढीग कमीत कमी उंचीचा, आणि प्लास्टिकची बंद पिशवी तर नकोच नको. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो, तोही टाळा. फ्रिज नको, तिथल्या दमटपणानं कांदा मऊ पडतो. गार जागाही नको, साधारण १० ते २० अंशाच्या गारव्यात कांद्याला कोंब सगळ्यात जास्त येतात, २५ ते ३० अंश आणि कोरडी हवा त्याला मानवते. बटाट्याच्या शेजारी ठेवू नका, बटाट्याची ओल कांद्याला लागते.

आणि तरीही बिघडलाच तर? मानेकडून मऊ पडतोय म्हणजे वाळवण कमी झालं, उरलेले लगेच पंख्याखाली पसरा. बुडाला नवी मुळं फुटली तर खालून ओल येतेय, जागा बदला. सालीखाली काळी पावडर दिसली तर ती काळी बुरशी, वरचे थर काढून आतला स्वच्छ असेल तर वापरता येतो, पण तो ढिगात परत टाकायचा नाही. हिरवट पडला तर उजेड जास्त लागलाय. वजन थोडं कमी होणं मात्र साहजिक आहे, त्याला घाबरू नका.

मृग लागला की दर आठ दिवसांनी कांदा हलवून वास घ्या, एक जरी सडका निघाला तरी शेजारचे चार तपासा. ज्यांच्या घरी कांदा नवमीनंतर चातुर्मास पाळतात त्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवा, खायचा नाही म्हणून चार महिने कोपऱ्याकडं कुणी फिरकत नाही आणि दमट हवा नेमकी तेव्हाच असते. पाळणाऱ्यांनी नवमीआधीच शंका वाटणारे सगळे कांदे वाटून टाका, उरलेले घट्ट तेवढे ठेवा, आणि त्या चार महिन्यांत ते बघायचं काम घरातल्या एकावर सोपवून द्या.