कोकणात राहायला येताय आणि सोबत वजनाचं इंजेक्शन आहे?

मुंबई-पुण्याहून इकडे कायमची येणारी माणसं घर ठरवताना विहिरीचं पाणी विचारतात, रस्ता विचारतात, मोबाइलला रेंज आहे का ते विचारतात. गेल्या वर्षापासून एक नवा प्रश्न येऊ लागलाय आणि तो आवाज खाली करून येतो. "ताई, माझं वजनाचं इंजेक्शन चालू आहे. तुमच्याकडे लाईट जाते म्हणे. मग कसं करायचं?"

आवाज खाली करायची काही गरज नाही. भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जून २०२५ मध्ये, आणि आता आमच्या पंचक्रोशीतही ही औषधं घेणारी माणसं आहेत. मीही घेते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मी २०१७ पासून राहते. त्याआधीचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. सासूबाईंना इन्सुलिन होतं, त्यामुळे औषध थंड ठेवायचं म्हणजे काय, हे इथे आल्या दिवसापासून शिकत आले. कुणी घ्यावं, किती घ्यावं, हे तुमचे डॉक्टर सांगतील. घेतलेलं औषध शेवटच्या डोसापर्यंत चांगलं कसं राहील, तेवढंच मी सांगते.

नवीन आलेल्या प्रत्येकाला भीती असते ती इथल्या उकाड्याची. त्या भीतीपायी माणसं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं औषध भरलेलं इंजेक्शन, बर्फात खुपसतात. माझ्या ओळखीत जी पेनं वाया गेली, त्यातली बहुतेक गरम होऊन नाही, गोठून गेली. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड काय किंवा मौंजारोतलं टिर्झेपटाइड काय, या अमिनो आम्लांच्या नाजूक साखळ्या आहेत. एकदा गोठलं की औषध कामातून गेलं. वितळून पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी ते टाकून द्यायचं. उष्णतेला मात्र थोडी सवलत आहे, आणि ती सवलत नीट माहीत असली की इथे राहणं सोपं होतं.

न उघडलेलं पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रिजमध्येच ठेवायचं. पहिला डोस घेतल्यावर मौंजारोचं चार डोसांचं पेन ३० अंशांच्या आत ३० दिवस चालतं, वेगोव्हीचं चार डोसांचं पेन ६ आठवडे. मौंजारोची एका डोसाची बाटली फ्रिजबाहेर ३० अंशांच्या आत २१ दिवस राहू शकते. आता बाजारात निरनिराळ्या कंपन्यांची औषधं आहेत आणि प्रत्येकाचे दिवस वेगळे, म्हणून खोक्यातला कागद फेकू नका. तुमच्या पेनाला त्याच्यावरचाच आकडा लागू. पहिल्या डोसाची तारीख मी पेनाच्या खोक्यावर मार्करने लिहिते. मध्येच पेन फ्रिजमध्ये परत ठेवलं म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही.

माझं पहिलं पेन मीच घालवलं. घरात सिंगल डोअर फ्रिज, वर बर्फाचा कप्पा, त्याच्या लगेच खाली ट्रे. सगळ्यात थंड जागा म्हणून मी पेन तिथे ठेवलं. पावसाळ्याचे दिवस होते, बाहेर हवा गार, आणि फ्रिजचं बटण मात्र मे महिन्यात फिरवून ठेवलेलं तसंच पुढे राहिलेलं. सकाळी पेन काढलं तर खोकं कडेला ओलं होतं. पेनाच्या छोट्या खिडकीतून उजेडाकडे धरून पाहिलं, तर आत बारीक सुया उभ्या राहाव्यात तसे स्फटिक दिसले. हातात धरलं तोवर ते विरघळलेही. मी जर अर्ध्या तासाने उठले असते, तर मला काही कळलंच नसतं आणि महिनाभर मी निकामी पाणी टोचून घेत बसले असते.

त्या दिवशी मी दापोलीतून नवा थर्मामीटर आणला, कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा, वायर आत सोडून आकडा बाहेर दाखवणारा. काही शे रुपयांची वस्तू आहे, आणि महिन्याचं औषध हजारांत जातं. आठवडाभर फ्रिजचा एकेक कप्पा तपासला. बर्फाच्या कप्प्याखाली रात्री उणे एक. दारात दिवसभरात पाचापासून बारापर्यंत चढउतार. मागच्या भिंतीला चिकटून शून्याच्या आसपास. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, चार ते सहा. तेव्हापासून पेन तिथेच, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, आपल्या खोक्यासकट, कारण उजेडापासूनही जपायचं असतं. डबा अशासाठी की भाजीची जुडी, कोथिंबिरीचं पाणी, आमटीचं पातेलं यांच्यात ते ढकललं जाऊ नये. पाऊस सुरू झाला की फ्रिजचं बटण कमी करा. शहरात कुणी ते करत नाही, इथे करावं लागतं. स्टॅबिलायझरही लावाच. विजेचा दाब इथे खालीवर होतो.

उघडलेल्या पेनाला फ्रिज हवाच असं नाही, पण ३० अंशांची ओळ पाळायला हवी, आणि कोकणात ती ओळ ऋतूप्रमाणे सरकते. डिसेंबर-जानेवारीत घरातल्या गार, सावलीच्या जागी ठेवलं तरी चालतं. मार्च ते पाऊस येईपर्यंत, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, जपायचं. आमचं घर जांभ्याचं आणि कौलारू. एप्रिलच्या दुपारी पडवीत ३४ दाखवतो तेव्हा माजघरातल्या फडताळात २९ असतं. नवीन स्लॅबच्या घरात मात्र वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी सातलाही तापलेलीच असते. तुमच्या घरात थर्मामीटर फिरवून बघा. ज्यांचं घर स्लॅबचं आहे त्यांनी मार्च ते जून उघडलेलं पेनही फ्रिजमध्येच ठेवावं.

आता लाईटचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या गावात पत्रे आणि कौलं पानांसारखी उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर पडले. आमच्याकडे एकोणीस दिवस लाईट नव्हती. सासूबाईंची न उघडलेली इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये होती. पहिले काही तास मी फ्रिज उघडलाच नाही. दार बंद राहिलं तर साधारण चार तास थंडावा टिकतो, आणि आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवलेल्या असल्या तर आणखी थोडा. शेजारच्या काकांकडे जनरेटर होता, ते रोज संध्याकाळी दोन तास चालवायचे. त्यांच्या फ्रीझरमध्ये मी पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायची. सकाळी त्या थर्माकोलच्या डब्यात तळाला, त्यावर टॉवेलच्या दोन घड्या, त्यावर औषधाचा डबा आणि थर्मामीटरची वायर. आकडा चाराच्या खाली आला की टॉवेलची आणखी एक घडी. रोज असं. औषध वाचलं.

तेव्हा एक गोष्ट नीट कळली. चालू पेनाची काळजी नव्हती, ते माजघरात आरामात होतं. जीव टांगणीला लागला तो साठवलेल्या पेनांपायी. म्हणून आता मेअखेर माझ्याकडे एक चालू पेन आणि एकच सीलबंद पेन असतं, त्याहून जास्त नाही. नवीन माणसं नेमकं उलटं करतात, पावसाळ्याआधी बेगमी करायची म्हणून मसाल्याबरोबर पेनंही तीन-चार महिन्यांची भरतात. गणपतीच्या आधी मात्र महिन्याचं औषध हाताशी असू द्या. त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गही भरलेला आणि गाड्याही भरलेल्या. आणि आल्या आठवड्यातच वाडीत इन्व्हर्टर किंवा जनरेटर कुणाकडे आहे ते विचारून ठेवा. वादळाच्या दिवशी ओळख काढत बसू नका. इथली माणसं नाही म्हणत नाहीत.

थर्माकोलचा डबा आणि बर्फ म्हटलं की हर्णैचं बंदर सगळ्यांना आठवतं. तिथे लिलावाच्या वेळी बर्फाचा ढीग असतो आणि मागितला तर मिळतोही. पण मासळीच्या बर्फात मीठ मिसळलेलं असू शकतं, आणि मीठ पडलेला बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली जातो. त्यात पेन ठेवलंत तर ते गोठणारच. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे लाईट जायच्या नेमक्या दिवसांत बंदरावर शुकशुकाट.

प्रवासात काय करायचं ते मला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी शिकवलं. त्या लसीचा डबा खांद्याला लावून वाड्या-वाड्यांवर जातात. मी फ्रीझरमधला जेल पॅक काढून तसाच पेनाशेजारी ठेवताना त्यांनी पाहिलं आणि माझा हात धरला. "ताई, हा पॅक आत्ता उणे पंधरा-अठराला आहे. बाहेर ठेवा त्याला. घाम येऊ दे. कानाशी धरून हलवा, आत पाणी वाजलं की मग डब्यात घाला." तेव्हापासून मी पाण्याचा पॅक वापरते, जेलचा नाही, कारण जेल वाजत नाही. निघायच्या आधी पॅक ओट्यावर ठेवते, वरचं दव पुसते, कानाशी हलवते. आतला बर्फ सुटून खुळखुळला की समजायचं, पॅक शून्यावर आला. तरीही पॅक आणि पेन यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा नॅपकिन हवाच.

पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्या पुण्यात छान चालतात. इथे त्यांच्यावर विसंबू नका. त्या पिशव्यांचं आणि माठाचं तत्त्व एकच, पाणी हवेत उडून गेलं तर गारवा. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते, पाणी उडणार कुठे? जुलैत माठातलं पाणी विहिरीतून काढलं तसंच राहतं, तशीच ती पिशवीही.

गाडीत पेन डिकीत नाही, डॅशबोर्डवर नाही, आणि एसीच्या झोताच्या तोंडाशीही नाही. स्कूटरच्या सीटखाली तर अजिबात नको. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला फेरीबोटीसाठी रांग लागते, माणसं गाडी बंद करून खाली उतरतात, शहाळं पितात, समुद्र बघतात. मे महिन्यात तेवढ्या पाऊण तासात बंद गाडी भट्टीसारखी तापते. औषधाची पिशवी बरोबर घेऊन उतरा. मी तर ती पर्ससारखी खांद्यालाच लावते. रेल्वेने जाणाऱ्यांनी खेड स्टेशनवर गाडीची वाट बघावी लागणार हे धरूनच पॅक भरावा; पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. चालू पेन असेल आणि एसीचा डबा असेल, तर बर्फाची भानगडच नको, पिशवी वरच्या बर्थवर पुरे. मोपा किंवा चिपीहून विमानाने जाणार असाल तर पेन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात दिलेल्या बॅगेत ते गोठू शकतं. सुई लावून ठेवलेलं पेन कधीही प्रवासाला न्यायचं नाही. सुई डोसाच्या वेळी लावायची आणि लगेच काढायची, नाहीतर औषध गळतं आणि आत हवा शिरते.

घाटाचा प्रवास असेल तर आणखी एक. या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, आणि डोसानंतरच्या एक-दोन दिवसांत मळमळ असणाऱ्यांना ताम्हिणीची वळणं फार जड जातात. हे इंजेक्शन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घेतात; तो वार बदलता येतो. दोन डोसांत किमान तीन दिवस अंतर हवं. डॉक्टरांना विचारून वार ठरवा. उलट्या होत असतील तर इथल्या घामात अंगातलं पाणी भराभर कमी होतं. सरबत, शहाळं, पेज, काहीतरी घोट-घोट पोटात जाऊ द्या. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीपर्यंत जात असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

खरेदीबद्दल माझं मत ठाम आहे. कुरिअरने मागवू नका. मी एकदा मागवलं. पार्सल चार दिवस फिरत राहिलं, उघडलं तेव्हा पॅक कोमट होता आणि पेन हाताला गरम लागत होतं. दुकानदार म्हणाला, काही होत नाही. औषध दिसायला अगदी स्वच्छ होतं, आणि हीच अडचण आहे. गढूळ झालं किंवा कण दिसले तर टाकायचंच, पण तापून कमजोर झालेलं औषध दिसायला चांगल्यासारखंच असतं. मी ते वापरलं नाही. आता दापोलीच्या मेडिकलवाल्याला आठ दिवस आधी सांगते, तो फ्रिजमधून काढून देतो, मी पक्कं बिल घेते आणि बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघते. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता, त्यामुळे स्वस्तात कुणी हातोहात देत असेल तर नको म्हणा. दोन-तीन डोस हुकले, मग ते रस्ता बंद झाल्यामुळे असो की माल न आल्यामुळे, तर पूर्वीच्याच मोठ्या डोसावर परस्पर सुरुवात करू नका. डॉक्टर कदाचित पुन्हा कमी डोसापासून चढवतील.

आणि सुया. शहरात घंटागाडी येते, इथे बऱ्याच वाड्यांत कचरा परसात पुरतात किंवा पाचोळ्याबरोबर जाळतात. त्या पाचोळ्यात सकाळी कामाला येणाऱ्या बायका अनवाणी असतात, पोरं फणसाच्या आठळ्या भाजायला तिथेच बसतात, कोंबड्या उकरतात. वापरलेली सुई तिथे जाता कामा नये, आणि खाडीत तर मुळीच नाही. मी फिनेलची रिकामी, जाड प्लॅस्टिकची बाटली ठेवते, वर झाकण घट्ट, अंगावर मोठ्या अक्षरांत "सुया". तीन चतुर्थांश भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून आरोग्य केंद्रात देते. तिथे सुयांसाठी पांढरा, न टोचला जाणारा डबा असतो. पहिल्यांदा जाल तेव्हा आधी विचारून जा. आमच्या सिस्टर सोमवारी लसीकरणात असतात, मंगळवारी दुपारी गेलं की घेतात.