गोदामातली रजा: कोण जातंय यापेक्षा कुठल्या कामावरून जातंय ते बघा

भिवंडीला माणकोलीच्या एका गोदामात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. हाताखाली चव्वेचाळीस माणसं. निम्मी मुरबाड-शहापूरची, बाकी खानदेश आणि यूपीकडची.

पॅकिंगचे चार जण नसले तरी दिवस निघतो. पण रीच ट्रक, म्हणजे उंच रॅकवरून माल काढायची गाडी, चालवणारे दोनच; दोघंही गेले तर वरच्या रॅकवरचा माल खाली उतरत नाही. एका गणपतीत मी एकाला जेवणाच्या सुट्टीत आणि दुसऱ्याला गेटवर ‘जा’ म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा गाड्या डॉकला खोळंबल्या. तेव्हापासून ठरवून घेतलेली रजा तोंडी देत नाही.

टाइम ऑफिसच्या भिंतीवर महिन्याचा तक्ता लावा. वर तारखा, बाजूला कामं: आवक, पिकिंग (ऑर्डरप्रमाणे माल रॅकवरून काढणं), पॅकिंग, डिस्पॅच, रीच ट्रक. प्रत्येक कामापुढे एका दिवशी किती नावं चालतील तो आकडा लाल पेनने लिहा. रीच ट्रकपुढे एक. मागितलेली रजा पेन्सिलने, मंजूर झाली की पेनने. तक्ता सगळ्यांना दिसतो, म्हणून ‘त्याला दिली, मला का नाही’ हा वाद उरत नाही.

शिल्लक रजा माणसाला स्वतःहून सांगा. वीस किंवा जास्त कामगार असले की 2017 चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, त्या वर्षाअखेर बुडतात. 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा पुढच्या वर्षी मिळते, ती 45 पर्यंत साठते. साप्ताहिक सुट्टीला बोलावलंत तर दोन महिन्यांत बदली सुट्टी द्यायची. मी ऑगस्टमध्येच प्रत्येकाला आकडा सांगते, नाहीतर डिसेंबरात सगळे एकदम मागतात.

आवणीचं, म्हणजे भातलावणीचं, मात्र तारखेत बसत नाही. रोपं तीन आठवड्यांची झाली आणि पाऊस धरला की मुरबाडचा पोरगा थांबूच शकत नाही, थांबवूही नये. जूनअखेरीपासून महिनाभर मी तक्त्यावर त्यासाठी रोजच्या दोन जागा मोकळ्या ठेवते आणि गावांप्रमाणे पाळ्या लावते. पाळ्या पोरंच ठरवतात. कुणाचं शेत वर, कुणाचं खाली, ते त्यांना ठाऊक असतं.

आणि रात्री अकराला फोन आला, ‘ताई, वडील गेले’, तर आधी ‘नीघ’ म्हणायचं. अर्ज तो परत आल्यावर.