दोन क्रूझ बोटींतून एक कशी निवडावी: बेळगावकडून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीपासून आमच्या टिळकवाडीतल्या घरी फ्रिजवर दोन पत्रकं चिकटवलेली होती. एक मुंबईहून सुटणाऱ्या 'एम्प्रेस'चं, दुसरं सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेन्टिंग ड्रीम'चं. पोरांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता, कारण दुसऱ्या बोटीच्या फोटोत पाण्याच्या घसरगुंड्या होत्या. आईनं दोन्ही पत्रकं चष्मा लावून बघितली आणि म्हणाली, "बोटीत वांती होतीय की रे. वेंगुर्ल्याहून मुंबईला गेलो तेव्हा आप्पांनी सगळी रात्र बादली धरून काढली."

आईचं म्हणणं अगदीच जुनाट नाही. आपल्या भागाचं बंदर वेंगुर्ला. आंबोली घाटातून बेळगावचा माल तिथं उतरायचा आणि माणसं मुंबईची आगबोट धरायची. तेव्हा बोट म्हणजे पोचण्याचं साधन होतं, आता बोटच मुक्कामाचं ठिकाण झाली आहे. म्हणून निवडताना हॉटेल आणि प्रवास, दोन्हींचे प्रश्न एकदम विचारावे लागतात. पत्रकं त्यातले सोपे तेवढेच प्रश्न सोडवून देतात. निपाणी-चिकोडीकडे म्हैस घेताना कोणी शिंगं बघून पैसे मोजत नाही, कास बघतात. इथंही कास शोधायची.

आधी घरचा कागद

बोटींच्या माहितीला हात घालण्याआधी कॅलेंडरच्या एका जुन्या पानाच्या पाठीमागं चार गोष्टी लिहा: कोण कोण येणार, कोणाचे गुडघे दुखतात, सुट्टीचे दिवस नेमके किती, आणि कागदपत्रं कोणाकडे काय आहेत. आमच्या कागदावर पाच नावं होती, त्यातल्या दोघांचे पासपोर्ट नव्हते. खरं तर निम्मा निकाल तिथंच लागतो.

मुंबई ते गोवा, कोची किंवा लक्षद्वीप अशी देशातली सफर असेल तर मोठ्यांना आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपला उतरायचं तर प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढते की आपण काढायचा, हे विचारून घ्या. सिंगापूरहून निघायचं तर किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि सिंगापूरचा व्हिसा हवा. बोट मलेशियाला किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येते. म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना ते बघा. वाटेतल्या देशांचे नियम वेगळे तपासा.

आपल्याकडची एक खास डोकेदुखी म्हणजे नावाचं स्पेलिंग. आधारवर कानडी आणि इंग्रजी, शाळेच्या दाखल्यावर मराठी, आणि प्रत्येक ठिकाणी कारकुनाला ऐकू आलं तसं इंग्रजी. माझ्या मेव्हण्याच्या आडनावात एका कागदावर एक 'ई' आहे, दुसऱ्यावर दोन. तिकिटावरचं नाव दाखवायच्या कागदावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा, आणि हे पैसे भरण्याआधी करा.

दिवस नको, तास मोजा

"२ रात्री, ३ दिवस" हे वाचायला छान वाटतं. समजा, बोट शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता सुटते आणि रविवारी सकाळी ८ वाजता परत धक्क्याला लागते. हे झाले ३९ तास. त्यातले दोन रात्रींच्या झोपेचे १५ तास काढा. पहिल्या संध्याकाळी सुरक्षेची कवायत आणि सामान लावण्यात दोनेक तास जातात, शेवटच्या सकाळी उतरण्याच्या रांगेत आणखी दोन. उरले २०. ज्याला तुम्ही तीन दिवस समजत होता ती एक शनिवारची सुट्टी आणि थोडं पुढंमागं, एवढीच.

दोन्ही बोटींसाठी हा हिशेब मांडा. मग प्रत्येक बंदरापुढं बोट लागण्याची आणि सुटण्याची वेळ लिहा. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असा थांबा आणि दुपारी १ ते ६ असा थांबा, दोन्ही पत्रकात एकाच ओळीत येतात. सुटण्याच्या तासभर तरी आधी परत चढावं लागतं. दुसऱ्या थांब्यात हाती चारच तास राहतात, त्यातून गावात जाणं-येणं वजा करा.

बोट थेट धक्क्याला लागते की खोल पाण्यात उभी राहून छोट्या होड्यांतून नेते, हेही बघा. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. हलत्या होडीत पाय टाकायचा म्हणजे गुडघेवाल्या माणसाची परीक्षा, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं. कप्तानाला हवामानामुळं बंदर गाळण्याचा अधिकार तिकिटाच्या अटींतच असतो. एकाच बंदरासाठी बोट निवडत असाल तर ही जोखीम धरूनच निवडा.

बंदर न घेता नुसती समुद्रात फिरून येणारी सफरही असते. ती वाईट म्हणत नाही, पण मग बोट स्वतः करमणुकीची पाहिजे.

आकार आणि गर्दी

'एम्प्रेस' १९९० सालची, फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. भारतातून ती २०२१ पासून फिरू लागली. लांबी सुमारे २११ मीटर. 'गेन्टिंग ड्रीम' २०१६ सालची, जर्मनीत बांधलेली, सुमारे ३३५ मीटर लांब, म्हणजे दीडपटीहून जास्त. पण नुसत्या लांबीवरून गर्दी कळत नाही.

त्यासाठी एक सोपा भागाकार आहे. प्रत्येक बोटीचं 'ग्रॉस टनेज' दिलेलं असतं. टन म्हटलं तरी हे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागायचं, एका खोलीत दोन माणसं धरून. 'एम्प्रेस'चं टनेज सुमारे ४८,५००, प्रवासी सुमारे १,६००, उत्तर ३० च्या आसपास. 'गेन्टिंग ड्रीम'चं सुमारे १,५०,०००, प्रवासी सुमारे ३,३५०, उत्तर ४५ च्या आसपास. आकडा जितका मोठा तितकी माणशी जागा जास्त. म्हणजे दुप्पट माणसं असूनही मोठ्या बोटीवर माणसाच्या वाट्याला दीडपट जागा येते. शाळांच्या सुट्टीत तिसरी-चौथी खाटही भरते आणि दोन्हींचे आकडे खाली येतात, हे धरून चाला.

पण याच्या उलट बाजूही आहे. मोठ्या बोटीवर खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत शहापूरहून खडेबाजारापर्यंत चालल्यासारखं वाटतं. आईसारख्या माणसाला छोटी बोट सोयीची: चार फेऱ्यांत रस्ता पाठ होतो आणि नातवंडं कुठंही असली तरी सापडतात. शिवाय जुनी म्हणजे खराब असं नाही. शेवटची मोठी डागडुजी कधी झाली ते विचारा, बांधणीच्या सालापेक्षा ते जास्त सांगतं. जुन्या बोटींवर खोल्या लहान आणि बाल्कनीवाल्या खोल्या कमी असतात, एवढं मात्र खरं.

खोली: इथं वेळ घालवा

लोक बोट निवडायला महिना घेतात आणि खोली एजंट देईल ती घेतात. मी हेच केलं होतं, एका आधीच्या सफरीत. कोणती बोट ते सोडा. खोली स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतो. पहाटे साडेपाचला डोक्यावर कोणीतरी लोखंडी कपाट ओढतंय असा आवाज सुरू झाला. ते कपाट नव्हतं, वरच्या मजल्यावर स्विमिंग पुलाजवळच्या खुर्च्या रांगेत लावणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशीही साडेपाच.

म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन्ही बोटींचे मजल्यांचे नकाशे उतरवून घ्या. खोलीच्या क्रमांकाचा पहिला आकडा बहुधा मजला सांगतो. तो मजला, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा, असे तीन नकाशे शेजारी ठेवा. तुमच्या खोलीच्या वर आणि खालीही खोल्याच असतील तर उत्तम. वर स्विमिंग पूल किंवा भटारखाना, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर खोली बदलून मागा. लिफ्टपासून चार-पाच दारं लांब असावं, फार लांब नको.

हेलकाव्यांचं गणित सी-सॉच्या फळीसारखं आहे. टोकाला बसलेलं पोर उंच जातं-येतं, मधलं फारसं हलत नाही. बोटीतही मधोमध आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी हलतं. उंचावरची, पुढच्या टोकाची बाल्कनीची खोली महाग असते आणि सगळ्यात जास्त डोलते. वांतीची सवय असलेल्यांनी ते पैसे वाचवावेत, आणि गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतेच असं नाही.

खिडकीच्या खोलीपुढं 'अडथळा असलेलं दृश्य' असं लिहिलेलं असेल तर खिडकीतून समुद्राऐवजी बहुधा लाइफबोटीचं बूड दिसतं. 'गॅरंटी' खोली म्हणजे प्रकार ठरलेला, क्रमांक कंपनी देईल तो. तरण्या जोडप्याला ती परवडते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर घेऊ नका.

पैसे

जाहिरातीतला आकडा दोघांनी एक खोली घेतल्यावरचा, माणशी असतो. एकट्यानं खोली घेतली तर जवळपास दुप्पट पडू शकतो, तिसऱ्या-चौथ्याला बरीच सूट असते. त्यावर बंदर शुल्क, कर, सेवकांची बक्षिसी, वायफाय, काही बोटींवर ठरावीक उपाहारगृहांचं वेगळं बिल.

समजा (आकडे मनाचे आहेत), पहिली बोट माणशी २४,००० म्हणते आणि दुसरी ३१,०००. पहिलीचे वरखर्च ९,०००, दुसरीचे ४,५००. झाले ३३,००० आणि ३५,५००. सात हजारांचा फरक अडीच हजारांवर आला. आता घरापासून बोटीपर्यंतचा खर्च घाला. मुंबईसाठी हुबळी-दादर एक्स्प्रेस किंवा रात्रीची स्लीपर बस. सिंगापूरसाठी बेंगळूर गाठून विमान, व्हिसा, आणि आदल्या रात्रीचं हॉटेल. परदेशी सहलीवर टीसीएसही, म्हणजे सहल विकणाऱ्यानं सरकारसाठी आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आज खिशातून जातोच.

रद्द केल्यास किती परत मिळतं, हा तक्ताही दोन्हींचा घ्या. तारीख जवळ येईल तसे पैसे बुडतात. घरात बाळंतपण जवळ असेल तर आधी विचारा, बहुतेक बोटी २४ आठवड्यांनंतर गरोदर बाईला घेत नाहीत.

आणि बोटीवर चढताच मोबाईल विमान मोडवर. समुद्रात फोन आपसूक बोटीचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

जेवण, हवा, पोचणं

शाकाहारी आणि जैन जेवण दोन्ही बोटींवर मिळतं. आधी नोंद करावी लागते का, एवढंच विचारा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कधी वादळं येतात, डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र बरा असतो. पोचायचं मात्र आदल्या दिवशी. रेल्वे चार तास उशिरा आली तर बोट थांबत नाही, आणि ते पैसे कोणी परत देत नाही.

आमच्यापुरतं सांगायचं तर पासपोर्ट नसलेले दोघे, आईचे गुडघे आणि हातातले चार दिवस धरून मुंबईचं पारडं जड झालं. घरात सगळ्यांचे पासपोर्ट असते, दहा-बारा वर्षांची पोरं असती आणि आठवडाभर मोकळा असता तर मी सिंगापूरची घेतली असती, फार विचार न करता. खोली खालच्या मजल्यावर, मधोमध, बिनखिडकीची घेतली.

शेवटचं काम बॅगेचं. इस्त्री आणि चहाची किटली बहुतेक बोटींवर चालत नाही, घरी केलेलं खाणंही नाही. आईच्या पिशवीतला चिवडा तपासणीलाच काढून ठेवला. कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा दुकानाच्या सीलसकट होता, तो सुटला, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत संपलाही.