नर्सिंगची नोकरी सोडताना कागद आधी, राजीनामा नंतर

सलग नाइट ड्युट्या झाल्या की राजीनामा सुचतोच. तो त्या आठवड्यात देऊ नका. ऑफ घ्या, झोप काढा, मग ठरवा. त्रास वॉर्डचा असेल तर मेट्रनकडे बदली मागून पाहा. आयसीयूतून ओपीडीत गेल्यावर टिकलेल्या सिस्टर कमी नाहीत.

सोडायचंच ठरलं तर आधी नेमणूक पत्रातला नोटिशीचा काळ वाचा. एकाच ठिकाणी नोकरीची पाच वर्षं भरायला दोनतीन महिने उरले असतील तर थांबा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता 18,000 असेल, तर 18,000 × 15 ÷ 26 × 5, म्हणजे साधारण 52,000 रुपये ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बुडू शकते.

राजीनामा लेखी द्या, प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्या. नुसता ईमेल केला तर ‘मिळालाच नाही’ म्हणायला जागा राहते.

खरी गोची अनुभव पत्रात होते. ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ एवढंच लिहिलेलं पत्र आखाती देशांत नोकरीसाठी होणाऱ्या कागदपत्रांच्या पडताळणीत अडकू शकतं. लेटरहेडवर पूर्ण नाव, हुद्दा, विभाग, खाटांची संख्या, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, रुजू व कार्यमुक्त झाल्याच्या तारखा हव्यात. नाव पासपोर्टप्रमाणेच. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर इथेच घोळ होतो.

मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयात ठेवली असतील तर ती लेखी मागा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) पुढे न्या. आणि घरी बसलात तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. परतताना पहिल्यांदा तेच विचारतात.