तुमचा पगार बँक कुणाला उसना देते?

मँचेस्टरला नवीन आलेल्या पोरापोरींचे फोन मला साधारण दोन कारणांसाठी येतात. खोली कुठे मिळेल, आणि खातं कुठल्या बँकेत काढू. हल्ली दुसऱ्या प्रश्नाला एक शेपूट असतं: "काका, ती बँक शस्त्रांच्या कंपन्यांना पैसे देते म्हणे. मग तिथे नको ना?" मी २००६ साली आलो तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं. जी बँक दारात उभं करेल ती आपली, एवढाच हिशेब. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी क्रम नीट लावा. पहिल्या महिन्यात तत्त्वं बाजूला ठेवा आणि मिळेल ते खातं उघडा. पगार जमा व्हायला खातं लागतं, खात्याला पत्त्याचा पुरावा लागतो आणि खोली देणारा बँकेचं स्टेटमेंट मागतो. माझ्या वेळी मी घरमालकाच्या नावाचं विजेचं बिल घेऊन एका शाखेत तीनदा गेलो. काउंटरवरची बाई दर वेळी तितकंच गोड हसून बिल परत सरकवायची. शेवटी ज्या हॉस्पिटलात लागलो होतो तिथून लेटरहेडवर पत्र आणलं, तेव्हा काम झालं. ते पत्र तुम्ही पहिल्याच दिवशी मागून घ्या. त्याशिवाय भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पत्र चालतं, विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं. व्हिसाचं प्लास्टिक कार्ड आता गेलं, सगळं ऑनलाइन ई-व्हिसावर आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे नोकरी करणाऱ्याचा सरकारी क्रमांक, आल्याशिवाय खातं निघत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मोन्झो, स्टारलिंग अशा फोनवरच्या बँकांचं काम बहुतेकदा लवकर होतं. आणि एक, इथलं करंट अकाउंट म्हणजे व्यापाऱ्याचं चालू खातं नव्हे. आपण ज्याला सेव्हिंग खातं म्हणतो, पगार येतो ते, तेच हे.

तत्त्वं बाजूला ठेवा असं मी बिनधास्त सांगतो, कारण इथे बँक बदलणं फार सोपं आहे. २०१३ पासून खातं हलवण्याची एक सामायिक व्यवस्था आहे. नव्या बँकेला सांगितलं की सात कामाच्या दिवसांत पगार, भाडं, डायरेक्ट डेबिट म्हणजे आपोआप कापली जाणारी बिलं, सगळं तिकडे जातं आणि जुनं खातं बंद होतं. जुन्या खात्यावर चुकून आलेले पैसेही पुढे किमान तीन वर्षं नव्या खात्यात वळवले जातात. आपल्याकडे ईसीएस बदलायला किती चपला झिजवल्यात ते आठवा. बचतीची खाती मात्र आपोआप हलत नाहीत, ती वेगळी बघावी लागतात.

आता मूळ प्रश्न. बँकेची भूमिका बघून खातं काढायचं, यात इथल्या लोकांना नवल वाटत नाही. बार्कलेज बँक १९२५ पासून दक्षिण आफ्रिकेत पाय रोवून होती. वर्णभेदाच्या काळात इथल्या विद्यार्थी संघटनांनी वर्षानुवर्षं कॉलेजात नव्याने येणाऱ्या पोरांना सांगितलं की तिथे खातं काढू नका. विद्यार्थ्याच्या खात्यात असून असून असतं किती? पण तोच पुढे तीस-चाळीस वर्षांचा गिऱ्हाईक होतो, हे बँकेला पक्कं ठाऊक होतं. १९८६ मध्ये बार्कलेजने तिथून काढता पाय घेतला. वर्णभेद संपल्यावर २००५ मध्ये तिथली मोठी बँक विकत घेऊन ती परतली, तो भाग निराळा.

हल्लीच्या 'भूमिका' मात्र बऱ्याचदा बिल्ल्यावरच्या असतात. २०२२ च्या जूनमध्ये हॅलिफॅक्स बँकेने कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पट्टीवर 'शी/हर' वगैरे सर्वनामं लिहायची मुभा दिली आणि ट्विटरवर तसं जाहीर केलं. कुरकुर करणाऱ्यांना बँकेच्याच हँडलवरून उत्तर गेलं की पटत नसेल तर खुशाल खातं बंद करा. लोक दोन्ही बाजूंनी पेटले. पुढच्याच वर्षी उलटं घडलं. नॅटवेस्टच्या मालकीच्या काउट्स बँकेने नायजेल फराज या राजकारण्याचं खातं बंद केलं आणि त्यांची मतं हाही बँकेतल्या चर्चेचा विषय होता असं कागदपत्रांतून बाहेर आलं. त्या खात्याबद्दल बीबीसीच्या पत्रकाराशी बोलल्याचं कबूल करून नॅटवेस्टच्या प्रमुख ॲलिसन रोज यांना जुलै २०२३ मध्ये राजीनामा द्यावा लागला. फराज यांचं राजकारण मला रतीभर पटत नाही. स्थलांतरितांविरुद्ध बोलण्यात त्यांची हयात गेली आणि मी तर स्थलांतरितच. तरीही गिऱ्हाइकाची मतं तपासणारी बँक मला नको. आज त्यांची तपासली, उद्या माझी तपासतील.

म्हणून मी बिल्ला, झेंडा, जाहिरातीतली हसरी कुटुंबं यांना शून्य मार्क देतो. मी दोनच गोष्टी बघतो: बँक कर्ज कुणाला देते, आणि बँकेचा मालक कोण. तुमचा पगार खात्यात पडला की तो तिथे पडून राहत नाही, बँक तो कुणाला तरी उसना देते. भूमिका असते ती त्या उसन्यात.

आता बिल्डिंग सोसायटी. हे नाव ऐकलं की आपल्याला पार्किंगची भांडणं आणि गच्चीच्या किल्ल्या आठवतात. इथे ती ठेवी घेणारी, घरांना कर्ज देणारी संस्था असते आणि तिला शेअरबाजारातले मालक नसतात. ठेवीदार आणि कर्जदार हेच सभासद, एका सभासदाला एक मत, मग खात्यात पाचशे पौंड असोत की पन्नास हजार. १९८६ च्या कायद्याने तिच्या कर्जांपैकी किमान पंचाहत्तर टक्के कर्जं राहत्या घरांच्या तारणावरच असावी लागतात. म्हणजे तेल, तोफा, तंबाखू यांच्याकडे पैसे वळायला वावच मुळात कमी. तुम्ही नैतिकता वगैरे शब्द न उच्चारता हे काम होऊन जातं, म्हणून मला ही सोय आवडते. पगाराचं खातं सगळ्या सोसायट्या देत नाहीत. देणाऱ्यांत सर्वांत मोठी नेशनवाइड. तिने २०२३ पासून नफ्यातून पात्र सभासदांना शंभर-शंभर पौंडही दिलेत. पण भाबडे राहू नका. २०२४ मध्ये तिने व्हर्जिन मनी ही अख्खी बँक विकत घेतली आणि सभासदांचं मत घेतलं नाही. कायद्याने घ्यावं लागत नव्हतं, म्हणून नाही घेतलं.

माझे वडील गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. इकडे आले तेव्हा त्यांना रॉचडेलला, टोड लेनवरच्या त्या जुन्या दुकानात नेलं. १८४४ मध्ये तिथल्या कामगारांनी वर्गणी काढून दुकान थाटलं आणि सहकाराचे नियम घालून दिले. सुरुवातीचा माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. वडील म्हणाले, "रेशनचं दुकानच की हे." संध्याकाळी माझ्या टेबलावर बिल्डिंग सोसायटीची मतपत्रिका दिसली तर ती चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि विचारलं, "सभेला चहा-भजी असतंय का?" म्हटलं, मतदान ऑनलाइन असतं. तेवढ्यावर त्यांनी मतपत्रिका बाजूला ठेवली.

मँचेस्टरचीच को-ऑपरेटिव्ह बँक म्हणजे या विषयातलं जुनं खोड. कुणाला कर्ज देणार नाही याचं धोरण तिने गिऱ्हाइकांना विचारून १९९२ मध्ये लिहून काढलं. जुलमी राजवटींना शस्त्रं पुरवणारे त्यात सुरुवातीपासून वर्ज्य. पण २०१३ मध्ये तिच्या ताळेबंदात दीड अब्ज पौंडांचं भगदाड सापडलं आणि ही साधुसंतांची बँक हेज फंडांच्या, म्हणजे नफ्यासाठी पैसा लावणाऱ्या बड्या गुंतवणूकदारांच्या, हातात गेली. धोरण तेवढं टिकलं, कारण गिऱ्हाइकांनी लावून धरलं. १ जानेवारी २०२५ पासून ती कोव्हेंट्री बिल्डिंग सोसायटीच्या मालकीची आहे, म्हणजे फिरून सभासदांच्या घरात आली. कोपऱ्यावरच्या को-ऑप दुकानाशी तिचा आता मालकीचा संबंध नाही. दुकानात जाऊन खात्याची चौकशी करू नका, मी केलेली आहे.

ट्रायोडॉस ही मूळची डच बँक, इथे ब्रिस्टलमधून चालते. तिने कर्ज दिलेल्या प्रत्येक संस्थेचं नाव ती जाहीर करते. सेंद्रिय शेती, पवनचक्क्या, वृद्धांची निवासं, सगळी यादी उघडी. शाखा नाहीत, आणि खात्याला महिन्याला तीन पौंड पडतात. आपला माणूस तिथेच अडतो. बँकेने आपल्याला पैसे द्यायचे की आपण बँकेला? मी म्हणेन, पटत असेल तर बचतीची काही रक्कम तिथे ठेवा, पगार दुसरीकडे घ्या. सगळं एकाच ठिकाणी असावं असा काही कायदा नाही.

मोठ्या बँकांची हवामानावरची वचनं जरा जपूनच वाचा. २०२१ मध्ये जगभरच्या बँकांनी कर्बउत्सर्ग शून्यावर आणण्यासाठी एक आघाडी केली. २०२५ च्या उन्हाळ्यात आधी एचएसबीसी, मग बार्कलेज त्यातून बाहेर पडल्या आणि त्याच ऑक्टोबरात आघाडीने गाशा गुंडाळला. वेबसाइटवरची हिरवी पानं कायम राहिली की. खरं बघायचं तर वार्षिक अहवाल आणि कोणत्या उद्योगाला कर्ज देणार नाही याचे नियम वाचावेत. तेवढा वेळ नसेल तर मँचेस्टरातूनच १९८९ पासून निघणारं 'एथिकल कन्झ्युमर' हे मासिक बँकांना गुण देतं. त्यांची सगळी मतं मला मान्य नाहीत, पण कष्ट त्यांनी घेतलेले असतात.

यात एक गोम आहे. नाव वेगळं म्हणजे घर वेगळं असं नाही. फर्स्ट डायरेक्ट ही एचएसबीसीच, आणि हॅलिफॅक्स लॉइड्सच्या गोतावळ्यातली. एकीवर रुसून दुसरीकडे गेलात आणि पैसे त्याच तिजोरीत पडले, असं होतं. ठेवीच्या विम्यालाही हेच लागू. १ डिसेंबर २०२५ पासून दर माणशी १,२०,००० पौंडांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण आहे, पण ते एका बँकिंग परवान्यामागे आहे, पाटीवरच्या नावामागे नाही.

आणि विमा बघाच. सांगलीकडे माझ्या मामांचे निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत होते. संचालक सगळे ओळखीचे, भूमिका एकदम उजळ, शाळेला देणग्या, गणपतीला वर्गणी. दारावर प्रशासकाची नोटीस लागली त्या दिवशी मामा पासबुक घेऊन बंद शटरसमोर उभे होते. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं विम्याचं कवच नसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून चांगल्या कामाची जाहिरात करणाऱ्या संस्थेत पैसे ठेवताना मी आधी विमा बघतो, मग चांगलं काम.

भारतातलं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवू नका. अनिवासी झालात की ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, तिकडच्या शाखेला कळवा. आणि इथे घर घेण्याचा विचार असेल तर कर्जाचा अर्ज करायच्या आधीचे काही महिने खाती इकडून तिकडे हलवू नका, नव्या बँकेची चौकशी तुमच्या क्रेडिट नोंदीत दिसते. तत्त्वाचं काय ते घराची किल्ली हातात आल्यावर.