खिशातला बार दगड होतो तेव्हा

इटलीच्या डोलोमाइट्स पर्वतातली माराटोना सायकल शर्यत : 138 किलोमीटर, 4230 मीटर चढ. इंदूरहून चॉकलेटचे बार नेले होते. पहाटेच्या गारठ्यात ते असे कडक झाले की धापा टाकताना चावताच येईनात. दोन-तीन तास नुसत्या पाण्यावर काढले आणि पासो जाऊ नावाच्या घाटाच्या चढावर पाय संपले. दहा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर. तिथं उपाशीपोटी चूक सुधारत नाही.

परत आल्यावर घरीच वड्या केल्या. 200 ग्रॅम बिनबियांचा खजूर, 100 ग्रॅम भाजून भरडलेले पोहे (इंदूरकराला दुसरं काय सुचणार!), 50 ग्रॅम दाण्याचं कूट, चिमूटभर मीठ. दहा वड्या, एकीत साधारण 22 ग्रॅम कर्बोदकं. तासाला दोन, शिवाय बाटलीत साखर-मिठाचं पाणी. म्हणजे तासाला साठेक ग्रॅम होतात.

आई म्हणाली, "अरे, जरा तूप घाल की, बांधल्या जातील." पण युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तूपही त्यातच. मग खोबरेल घातलं, तर फ्रिजमध्ये तासाभरात पुन्हा दगड! थंडीत गोठतं ते. शेवटी शेंगदाण्याचं तेल, एकच चमचा. फ्रिजमधली वडी बोटानं दाबली की खळगा पडला पाहिजे, ही माझी परीक्षा.

मग इंदूरजवळच्या सिमरोलच्या घाटात चार रविवार त्याच वड्या खाल्ल्या, भूक लागायची वाट न बघता, दर अर्ध्या तासाला गजर लावून. कागद आधीच अर्धा सोडून ठेवायचा. हातमोजे घातल्यावर सुटत नाही.