आराखड्यावर हरकत घेताना नकाशा सोबत ठेवा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाला लागणाऱ्या नमुन्यांचं, वर्कशॉप आहे. जागा पुरेना म्हणून शहराच्या हद्दीबाहेर वीस गुंठे घेतले, तर प्रारूप विकास आराखड्यात (मसुद्यात) नेमका त्यातूनच रस्ता आखलेला. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहून हरकत दिली. सुनावणी दोन मिनिटांत उरकली. तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी आधी नकाशा मागतो.

जमीन कुणाच्या अखत्यारीत येते ते आधी बघा. शहरात महापालिका, भोवतालच्या 42 गावांना 2017 पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. चुकीच्या दारात अर्ज दिला तर हरकतीची मुदत तिथंच जाते, आणि ती बहुधा 30 दिवसांचीच असते.

मग भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणा. ट्रेसिंग पेपरवर आपला गट (जमिनीचा तुकडा), शेजारचे गट, ओढा, पाणंद (शेतातली वाट), विहीर उतरवा. आराखड्याचं स्केल वेगळं असतं, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही सारखं करून घ्या. ट्रेसिंग वर ठेवून आधी ओढ्याचं वळण आणि शिवेवरची तिकाटणी (तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा) जुळवा, बाकी आपोआप बसतं. आम्ही हे केलं तेव्हा कळलं, रस्ता ओढ्याच्या पोटातूनच चाललाय!

पूररेषा वेगळ्या रंगानं काढा. निळ्या रेषेच्या आत साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषेपर्यंत 100 वर्षांतला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 साली पाणी कुठवर आलं होतं त्याचे फोटो तारखेसह जोडा.

लिहिताना नुसतं ‘रस्ता नको’ म्हणू नका, पर्याय द्या. पुणे-बंगळूर महामार्ग कुठून न्यायचा ते दिल्लीत ठरतं, पण त्याला मिळणारा आपला जोडरस्ता या आराखड्यात ठरतो. म्हणून मी सकाळी आठ ते नऊ पाणंदीच्या तोंडाशी उभा राहून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडं जाणारे टेम्पो, मोटरसायकली, सायकलवरचे कामगार मोजले, आठवडाभर. ‘हीच पाणंद रुंद करा, ओढा मोकळा राहील आणि माल वेळेत पोचेल’ असं आकड्यांसह लिहिलं. शेजारच्या गटवाल्यांच्याही सह्या घेतल्या. या वेळी अधिकाऱ्यांनी नकाशा टेबलावर पसरून बघितला.

पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि जमिनीवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलंच, तर आराखडा लागू झाल्याची तारीख सात-बाऱ्याच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा. 10 वर्षांत संपादन झालं नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली ‘जमीन विकत घ्या’ अशी खरेदीची नोटीस देता येते. पुढच्या 24 महिन्यांतही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं.